काटा खोटा की इंजिन?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी एका छोट्याशा काट्याबद्दल बोलणार आहे. टर्बो बसवलेल्या काही मोटारींत, विशेषतः हौशी मालकांच्या गाड्यांत, स्टिअरिंगच्या आसपास दोन इंचांचं एक गोल घड्याळ दिसतं. त्याला बूस्ट गेज म्हणतात. इंजिनात टर्बो किती दाबानं हवा कोंबतो आहे, ते हा गेज दाखवतो. गाडीच्या मानानं याची किंमत अगदी किरकोळ. पण काटा बिघडला की मालकाची झोप उडते. काटा वर चढत नाही, म्हणजे टर्बो गेला, असा निकाल पाच मिनिटांत लागतो आणि पन्नास हजारांच्या घरातलं अंदाजपत्रक हातात पडतं. कधी याच्या उलट होतं. बिघाड खरोखर इंजिनातच असतो आणि मालक म्हणतो, "ते गेज तसंच आहे हो, तिकडं बघूच नका." पहिल्या प्रकारात खिसा फाटतो, दुसऱ्या प्रकारात इंजिन.

मी व्यवसायानं मीटर दुरुस्त करणारा माणूस. आधी कारखान्यांतल्या बॉयलरवरचे, कॉम्प्रेसरवरचे प्रेशर गेज दुरुस्त केले, मग गाड्यांच्या मीटरांकडे वळलो. इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. बिघडलेला काटा आणि बिघडलेलं इंजिन वरवर पाहता सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. तपासणीचा क्रम मात्र लागतो. तो क्रम आज सांगतो.

त्याआधी टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपल्या आजीच्या चुलीपाशी फुंकणी असायची. लाकडं तेवढीच, पण फुंकर मारली की जाळ भडकायचा, कारण हवा जास्त मिळायची. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. गंमत अशी की ती फुंकायला वेगळा माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे वाया जाणारा गरम धूरच एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. भरात असताना ही चक्रं मिनिटाला लाखभर आणि त्याहूनही अधिक फेरे घेतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरनं या कल्पनेचं पेटंट घेतलं ते १९०५ साली. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या डोंगरावर, चार हजार मीटरांहून जास्त उंचीवर, टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन चालवून दाखवलं. विरळ हवेत दमणाऱ्या इंजिनाला टर्बोमुळे पुन्हा श्वास मिळाला. आपल्याकडे १९९८ ची टाटा सफारी, २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ अशा गाड्यांमुळे टर्बो डिझेल हा शब्द घरोघरी पोचला. आता तर लहान पेट्रोल गाड्यांतही टर्बो असतो.

आणि तो दाब मोजणारा काटा? त्याची युक्ती त्याहून जुनी. फ्रान्सच्या युजीन बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जत्रेत कागदी पिपाणी मिळते बघा, फुंकली की तिची गुंडाळलेली जीभ सरळ होते. बुर्दाँची नळी तशीच, फक्त धातूची. वाकवलेल्या चपट्या नळीत दाब गेला की ती किंचित उलगडते, ती हालचाल छोट्या दात्यांतून काट्याला मिळते. जुन्या पद्धतीच्या बूस्ट गेजमध्ये आजही हीच युक्ती असते. इंजिनापासून एक बारीक नळी निघते आणि थेट डॅशबोर्डवरच्या घड्याळात येते. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक. यात बॉनेटखाली एक सेन्सर बसतो, तिथून घड्याळापर्यंत फक्त वायर येते. तिसऱ्या प्रकारात वेगळा सेन्सरच नसतो, गाडीचा स्वतःचा कॉम्प्युटर जे सांगतो तेच पडद्यावर दिसतं. आपल्या गाडीत यांतला कोणता प्रकार आहे, हा तपासणीतला पहिला प्रश्न. नळीच्या गेजची वायर शोधत बसलेले कारागीर मी पाहिले आहेत.

आता एक गंमत सांगतो. दुरुस्तीला येणाऱ्या गेजपैकी काही गेज मुळात बिघडलेलेच नसतात. गाडी दारात उभी करून मालक ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन ओरडतं, काटा मात्र जेमतेम थरथरतो. "बघा, मेलाय!" अहो, मेलेला नाही. उभ्या गाडीत इंजिनावर ओझं नसतं. ओझं नाही म्हणून इंधन कमी, इंधन कमी म्हणून धूर कमी, आणि धूर कमी म्हणून टर्बोही निवांत. बूस्ट दिसतो तो चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये. दुसरी तक्रार डिझेलवाल्यांची. गेजवर शून्याच्या डावीकडे निर्वाताचे आकडे छापलेले असतात. पेट्रोल गाडी नुसती सुरू असताना काटा तिथं, उणे ०.६ ते ०.७ बारच्या आसपास बसतो, कारण थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन तिच्यामागून हवा ओढत असतं. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची वाट अशी अडवलेली नसते, म्हणून काटा शून्यापाशीच राहतो. तिथं निर्वात दिसला नाही म्हणून गेज बदलू नका.

तिसरी तक्रार उंचीची. आपल्या डोक्यावर हवेचा समुद्र आहे. समुद्रसपाटीला त्याचा दाब साधारण १.०१ बार, पुण्याला सुमारे ०.९५, महाबळेश्वरला सुमारे ०.८७, आणि लेहला तर ०.६६ च्या आसपास. काही डिजिटल गेजचे सेन्सर निर्वातापासूनचा संपूर्ण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा ठरलेला आकडा वजा करतात. अशी गाडी मुंबईत बरोबर शून्य दाखवते आणि महाबळेश्वरला इंजिन बंद असतानाच उणे ०.१४ दाखवते. मालक घाबरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गेज आपल्या हिशेबानं खरं बोलतो आहे, फक्त तो अजून मुंबईतच आहे!

याच हिशेबातून मोबाइलच्या ॲपचा घोटाळा होतो. आजकाल गाडीच्या सोळा टाचण्यांच्या सॉकेटला एक डबी लावली की मोबाइलवर आकडे दिसतात. त्यातला मॅनिफोल्डचा दाब हा संपूर्ण दाब असतो, किलोपास्कलमध्ये. १०० किलोपास्कल म्हणजे एक बार. ॲप २०० दाखवतं आणि गेज एक बार दाखवतो, म्हणून दोघांचं भांडण लावू नका. २०० मधून पुण्याचे ९५ वजा करा, १०५ उरतात, म्हणजे एक बार आणि थोडा वर. दोघंही खरेच. आणखी एक खुबी लक्षात ठेवा. ही माहिती देण्याच्या जुन्या ठरलेल्या पद्धतीत या आकड्याला जागाच २५५ पर्यंतची आहे. जोरकस डिझेल इंजिनात दाब त्याच्या वर गेला तरी ॲप २५५ वरच अडून बसू शकतं. ती गाडीची मर्यादा नसते, आकड्याच्या खणाची मर्यादा असते.

आता खऱ्या तपासणीकडे वळू.

पहिली पायरी, इंजिन बंद. काटा शून्यावर आहे का? ज्या गेजला शून्याच्या दोन्ही बाजूंना आकडे आहेत, तिथं ही परीक्षा लगेच होते. ज्याला फक्त उजवीकडे आकडे आहेत, तिथं काटा एका बारीक खिळीला टेकलेला असतो. खिळीला टेकला म्हणजे शून्य बरोबर असं समजू नका, कदाचित तो त्याच्याही खाली जाऊ पाहत असेल. चूक कशी आहे तेही पाहायचं. सगळीकडे सारखाच फरक, म्हणजे शून्यालाही ०.२ जास्त आणि एक बारलाही ०.२ जास्त, असं असेल तर बहुधा काटा आपल्या दांड्यावर सरकला आहे किंवा नळी एकदा जास्त दाबानं वाकली आहे. शून्य बरोबर, पण वर जावं तशी चूक वाढत जाते, असं असेल तर आतली नळी, दाते नाहीतर वाटेतली गळती यांच्याकडे बघायचं.

दुसरी पायरी, नळी. नळीच्या गेजमध्ये मला बहुतेक वेळा चोर इथंच सापडतो. इंजिनापासून घड्याळापर्यंत नळीवर बोट फिरवत जा, अर्थात इंजिन थंड असताना. टर्बोच्या बाजूचं लोखंड तापून लाल होऊ शकतं, त्याच्या जवळून गेलेली प्लॅस्टिकची नळी वितळून चिकटते. रबरी नळी उष्णतेनं कडक होते आणि टोकाला चिरते. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी वॉशर नसेल तर पत्र्याची धार नळी कापते. डॅशबोर्डमागं ती दुमडली जाते. आणि आपल्याकडचा खास शत्रू उंदीर, तो पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला येतो आणि पहिल्यांदा नळ्याच कुरतडतो. दोन्ही टोकं काढा आणि एका बाजूनं तोंडानं हलकेच फुंका. हवा सरळ गेली पाहिजे. मग दुसरं टोक बोटानं मिटून फुंका, तेव्हा अजिबात जाता कामा नये. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

काही गेजमध्ये नळीत एक बारीक छिद्राची गुंडी असते. इंजिनाच्या धक्क्यांनी काटा फडफडू नये म्हणून ती मुद्दाम घातलेली असते. ती गुंडी नसेल तर काटा फडफडतो. ती तेलकट काजळीनं बुजली तर काटा आळशी होतो, आज दाबलेला ॲक्सिलरेटर त्याला उद्या कळतो!

तिसरी पायरी, गेजची स्वतंत्र परीक्षा. गाडीपासून सोडवून त्याला आपल्या हातानं, माहीत असलेला दाब द्यायचा. वर्कशॉपमध्ये यासाठी हातपंप असतो. घरी तो नसला तरी रक्तदाब मोजायचं तबकडीचं जुनं यंत्र असतं. त्याची तबकडी ३०० पर्यंत असते. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे ०.४ बार, १५० म्हणजे ०.२ बार. मासे पाळण्याच्या टाकीचं सामान मिळतं त्या दुकानातून हवेच्या नळीचा एक 'टी' जोड आणा. एका तोंडाला रक्तदाबाची तबकडी, दुसऱ्याला रबरी फुगा, तिसऱ्याला आपला गेज. फुगा हळूहळू दाबा. तबकडी १५० वर असताना गेज ०.२ आणि ३०० वर असताना ०.४ दाखवत असेल, तर निदान खालच्या टप्प्यात तरी तो प्रामाणिक आहे. मग फुगा सोडून द्या आणि मिनिटभर थांबा. जोड घट्ट असूनही दोन्ही काटे उतरत असतील तर गेजच्या आतच गळती आहे. आजोबांचं रोजच्या वापरातलं यंत्र मात्र यासाठी घेऊ नका, घरात वेगळाच रक्तदाब वाढेल.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा थेट गेजमध्ये सोडू नका. त्या टाकीत सात-आठ बार दाब असू शकतो आणि आपला गेज दोन-तीन बारांचा. एका फटक्यात आतली नळी कायमची वाकते. आला तेव्हा चांगला असलेला गेज या परीक्षेतच मरतो.

चौथी पायरी इलेक्ट्रिक गेजवाल्यांसाठी. सेन्सरला साधारण तीन वायरी असतात. एक पुरवठ्याची, बहुधा पाच व्होल्टची, दुसरी अर्थची, तिसरी निरोप्याची. दाब वाढेल तसा निरोप्या वायरीवरचा व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत वाढतो. मल्टिमीटरनं तिन्ही मोजा. बल्बचा टेस्ट लॅम्प इथं लावू नका, तो जास्त करंट ओढतो आणि नाजूक सर्किटला इजा करू शकतो. काटा एकदम तळाला किंवा एकदम टोकाला जाऊन बसला असेल तर वायर तुटलेली किंवा कुठंतरी चिकटलेली असण्याचा संभव मोठा.

पण सर्वांत फसवा बिघाड अर्थचा. रात्री हेडलाइट लावले की काटा हलतो, पंखा सुरू केला की हलतो. टर्बोला हेडलाइटशी काय देणंघेणं? अर्थ ढिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आता हिशेब बघा. तीन बारांच्या सेन्सरला चार व्होल्टचा पल्ला असेल, तर गंजलेल्या स्क्रूपाशी ०.४ व्होल्ट इकडचे तिकडे झाले की काटा ०.३ बारनं खोटं बोलतो. हे पकडायला मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं गेजच्या अर्थला लावा, दिवे आणि पंखा चालू करा. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. ०.१ व्होल्टच्या वर गेला तर स्क्रू काढून पत्रा खरवडा आणि पुन्हा घट्ट बसवा. सुटा स्क्रू आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा, एवढाच या दुरुस्तीचा खर्च.

पाचवी पायरी रस्त्यावरची. इथं तीन साक्षीदार बोलवायचे. एक गेज, दुसरा स्कॅनर किंवा मोबाइलचं ॲप, आणि तिसरी गाडी स्वतः. गाडी चढावर उठते का, डिझेल असेल तर मागं काळा धूर सोडते का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स असा आवाज येतो का? गेज कमी दाखवतो, पण स्कॅनर ठीक आणि गाडीही ठीक, तर गेज किंवा त्याची नळी दोषी. गेज कमी, स्कॅनरही कमी आणि गाडी मरगळलेली, तर गेज खरं बोलतो आहे, त्याचे आभार माना आणि बूस्ट कुठं गळतो ते शोधा. ही परीक्षा करताना आकडे बघायला शेजारी दुसरा माणूस बसवा. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावरच हवेत. काट्याची चौकशी करता करता माणूस गमावण्याइतका कोणताही काटा मोलाचा नाही.

श्रोतेहो, हे सगळं पाठ करायची गरज नाही. दोन-तीन खरे अनुभव सांगतो, म्हणजे क्रम आपोआप लक्षात राहील.

एक गृहस्थ जुन्या डिझेल गाडीवर पुणे ते कोकण प्रवासी वाहतूक करायचे. गाडी सेकंड हँड, गेज आधीच्या मालकानं बसवलेला. गाडीचा हप्ता चालू, मुलीचं कॉलेज चालू. एक दिवस काटा वर जाईनासा झाला. एका गॅरेजनं टर्बो बदलायला सांगितलं. ते माझ्याकडे आले ते गेज चांगला आहे ना एवढंच विचारायला.

"काका, टर्बो बदलायला पैसे उचलायचे का, तेवढं सांगा."

मी विचारलं, "वरंधा घाटात गाडी उठते का?"

"उठते की. पॅसेंजर भरून तिसऱ्यावर चढते."

"काळा धूर?"

"नेहमीएवढाच."

टर्बो मेलेली भरलेली डिझेल गाडी अशी चढत नाही. गेज काढून हातपंपावर लावला, तो उत्तम होता. नळी फुंकली, ती मोकळी होती. मग नळी इंजिनाला जिथं जोडली होती ते पितळी तोंड काढलं. ते काजळीनं डांबरासारखं बुजलं होतं. डिझेल इंजिनात धुराचा काही भाग पुन्हा हवेच्या वाटेत सोडतात, त्या धुराची काजळी आणि तेलाची वाफ मिळून असं लुकण तयार होतं. तोंड साफ केलं आणि गेजची नळी इंटरकूलरनंतरच्या, पण धूर मिसळण्याच्या आधीच्या स्वच्छ पाइपावर घेतली. काटा चढू लागला. गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त अंदाजपत्रकाची घडी करून खिशात ठेवली. तो कागद त्यांना कोणाला तरी दाखवायचा असावा.

दुसरा अनुभव याच्या उलटा. एका निवृत्त शिक्षकांचा काटा सहा महिन्यांत एक बारवरून ०.७ वर उतरला होता. ते म्हणाले, "गेज म्हातारा झाला, माझ्यासारखाच." पण गाडी काळा धूर टाकू लागली होती आणि स्कॅनरही तोच कमी आकडा सांगत होता. इंटरकूलरच्या पाइपाची क्लिप ढिली होती आणि पाइपावर तेलाचा ओघळ होता. साबणाचं पाणी मारून हलका दाब दिला, लगेच बुडबुडे आले. क्लिप बदलली, काटा पुन्हा एकवर. गळत्या पाइपामुळे टर्बोला तेवढ्याच हवेसाठी जास्त पळावं लागतं. तसंच आणखी वर्षभर चाललं असतं तर त्या टर्बोचं आयुष्य नक्कीच घटलं असतं. म्हाताऱ्या काट्यानं वेळेवर हाक मारली होती.

तिसरा अनुभव मात्र नीट ऐका, कारण तो धोक्याचा आहे. एका तरुणानं आपल्या लहान पेट्रोल टर्बो गाडीत हौसेनं नळीचा गेज बसवून घेतला. काही महिन्यांनी काटा शून्यावर बसला. त्याच सुमाराला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की गाडी मध्येच झटका मारून मरायची आणि पुन्हा पळायची. काटा शून्य आणि वर झटके, तेव्हा टर्बो गेला असं त्याला सांगण्यात आलं. मी विचारलं, "झटक्याच्या आधी गाडी कमी ओढते की जास्त?" तो म्हणाला, "खरं सांगू काका? पूर्वीपेक्षा जास्त ओढते."

ही गोष्ट कळीची होती. टर्बो फार दाब देऊ लागला की वेस्टगेट नावाचं एक दार उघडतं आणि थोडा धूर टर्बोला वळसा घालून जातो, म्हणजे दाब आटोक्यात राहतो. अनेक गाड्यांत ते दार उघडतं तेही दाबानंच. एका बारीक नळीतून बूस्टचा निरोप तिथं पोचतो. बसवणाऱ्यानं सोपं म्हणून गेजचा 'टी' नेमका त्याच नळीत घातला होता. डॅशबोर्डमागं गेजचं टोक सुटलं. आता निरोपाची हवा गाडीच्या आतच गळू लागली. वेस्टगेटला वाटलं, दाब अजून कमीच आहे, म्हणून ते दार उशिरा उघडू लागलं. इंजिनात कधी नव्हता एवढा दाब आणि काटा मात्र शून्यावर! गाडीच्या कॉम्प्युटरला स्वतःच्या सेन्सरवरून जास्त दाब दिसला, म्हणून तो इंधन तोडून इंजिन वाचवत होता. झटके त्याचे होते. ही राखण नसलेली जुनी गाडी असती, तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागला नसता.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. गेजची नळी कधीही वेस्टगेटच्या नळीतून घेऊ नका, आणि कॉम्प्युटरच्या दाबाच्या सेन्सरकडे जाणारी नळी असेल तर तिच्यातूनही नको. तुमच्या गाडीत कोणी तशी घेतली आहे का, ते बॉनेट उघडून आजच पाहून घ्या. डिझेल गाड्यांत टर्बोची पाती हलवणारी नळी बऱ्याचदा निर्वातावर चालते. तिथं जोड घातला आणि तो गळला, तर उलट घडतं, बूस्ट येतच नाही. दोन्हीकडे दोष टर्बोच्या माथी बसतो आणि टर्बो बिचारा निर्दोष असतो.

मग गॅरेजमध्ये गेल्यावर काय म्हणायचं? "टर्बो बघा" असं म्हणू नका. म्हणा, "काटा असा असा वागतो. इंजिन बंद असताना तो इथं असतो, चढावर तो इथं असतो. स्कॅनरचा आकडा तेवढा लिहून द्या." चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही, त्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. गेज काढून तपासला का, नळी फुंकून पाहिली का, टर्बोचा दांडा हातानं हलवून पाहिला का, हे तीन प्रश्न शांतपणे विचारा. तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर टर्बो बदलायची वेळ अजून आलेली नाही.

आणि गाडी व्यवस्थित असते तेव्हाच एक काम करून ठेवा. नेहमीचा एक चढ निवडा. तिथं नेहमीच्या गिअरमध्ये, नेहमीच्या ओझ्यानं काटा कुठवर जातो, ते शेजारच्या माणसाला बघायला सांगा आणि घरी आल्यावर तारखेसह वहीत लिहा. डॉक्टर आपला जुना रिपोर्ट मागतात ना, तसा हा गाडीचा रिपोर्ट. उद्या काटा बदलला, तर काय बदललं आणि कधीपासून, हे तुमच्या हाताशी असेल. बिघाड शोधणाऱ्याला याहून मोलाची मदत नाही.

काट्यावर आंधळा विश्वास नको आणि आंधळा अविश्वासही नको. तो एक साक्षीदार आहे. त्याला उलटतपासणीला उभं करा, दुसऱ्या साक्षीदारांची साक्ष काढा आणि मगच निकाल द्या. चार मिलिमीटरच्या नळीपायी कोणाचा पन्नास हजारांचा टर्बो भंगारात जाऊ नये, एवढंच आज सांगायचं होतं.